कपाटामागचा डाग

दिवे जाऊन बराच वेळ झाला होता. रंगाच्या दुकानाचं शटर मामांनी अर्धं खाली ओढलं होतं. आत काचेच्या काउंटरवर एक मेणबत्ती जळत होती. बंदराकडून खारा वारा येत होता आणि शटर मधूनच खडखडत होतं. मामा आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसले होते, समोरच्या बाकावर त्यांचा भाचा आणि भाचेसून. सुनेच्या मांडीवर पाच महिन्यांचं मूल गाढ झोपलं होतं.

दोघं बातमी द्यायला आले होते. घर ठरलं होतं.

"मामा, बंदरापासून हाकेच्या अंतरावर! तीन खोल्या. एवढ्या भावात हल्ली गोठा तरी मिळतो का? मालक बाहेरगावी असतो, त्याला घाई आहे. आणि वर एक लाकडी कपाट फुकट."

"फुकट," मामा म्हणाले.

"हो ना! म्हणाला, आता कुठे हलवत बसू, तुम्हालाच राहू द्या."

बोलता बोलता भाच्याने काउंटरवरून चाललेली एक मुंगी टिचकीने उडवली. "मामा, रंगाच्या दुकानात मुंग्या कशा हो? टर्पेंटाइन पितात का तुमच्याकडच्या?"

मामा हसले नाहीत.

"कपाट कुठल्या भिंतीला आहे?"

"मागच्या खोलीत. आतल्या भिंतीला. का?"

"हलवून बघितलंस?"

"अहो, ते दोघांनाही हलायचं नाही. आणि मागे बघायचंय काय? भिंतच असणार!"

मामांनी मेणबत्तीची वात बोटाने सरळ केली. मग सुनेकडे पाहून म्हणाले, "पोराला नीट पांघरूण घाल गं. वारा आहे." आणि भाच्याला म्हणाले, "घाई नसेल तर बस थोडा. एक रंगारी आहे, माझं गिऱ्हाईक. तुझ्यासारखंच त्यानेही घर घेतलं. तो स्वतः कुणाला काही सांगायचा नाही. पण त्याची बायको इथे, ह्याच बाकावर बसून सगळं बोलून गेली. तिने सांगितलं तसं सांगतो."

त्यांनी सांगितलं ते असं.

रंगारी त्या दिवशी दुकानात आला तो शीळ घालतच. भिंतीतले खड्डे बुजवायच्या लांबीचा डबा, खरवडायची पट्टी, पॉलिश पेपर, पांढरा प्रायमर, असं सगळं त्याने स्वतःच्या घरासाठी घेतलं. जन्मभर लोकांची घरं रंगवली आणि स्वतः राहिला भाड्याच्या एका खोलीत, जिथे खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागे. आता त्याचं स्वतःचं घर झालं होतं. बायकोचे दागिने मोडले, म्हाताऱ्या आईने साठवलेलं होतं तेही घातलं, भाड्याची खोली सोडली. म्हणजे मागे फिरायला जागाच ठेवली नाही.

बायको त्याची बारकीशी, पण स्वच्छतेच्या बाबतीत कडक. पाणी प्यायचं तर पेला आधी दोनदा विसळणार. कुणाच्या घरी गेली तर चादर उचलून बघितल्याशिवाय पलंगावर तान्ह्या मुलीला ठेवणार नाही. सगळे तिला रंगारीण म्हणायचे. रंगारीण घर बघायला पहिल्यांदा गेली तेव्हाच तिच्या नाकाला एक वास लागला होता.

"कसला वास हा?" तिने दलालाला विचारलं.

"बंद घराचा, वहिनी. खिडक्या उघडल्या की जाईल."

बंद घराचा वास तिला माहीत होता. तो धुळीचा असतो, दमट कपड्यांचा असतो. हा तसा नव्हता. जुनी उशी उन्हात टाकल्यावर येतो तसा. कुणाच्या तरी डोक्याचा वास. आणखी एक गोष्ट तिने पाहिली. घर विकणारा मालक शेवटपर्यंत उंबऱ्याच्या आत आला नाही. बाहेर उभा राहून, नाकाला रुमाल लावून, "हे स्वयंपाकघर, ती मागची खोली" असं बोटाने दाखवत राहिला. स्वतःच्याच घरात पाय ठेवत नव्हता. पण नवऱ्याचा चेहरा इतका फुललेला होता की तिने शब्द गिळला.

राहायला आल्यावर दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याने मित्र बोलावून कपाट सरकवलं. भिंत रंगवायची होती ना.

कपाटामागे डाग होता.

गोल, काळपट पिवळा, ताटाएवढा. भिंतीला टेकून जमिनीवर बसलं की डोकं जिथे येतं, बरोबर तिथे. मधोमध चकाकत होता. अशा भिंती तुम्ही पाहिल्या असतील, जिथे कुणीतरी वर्षानुवर्षं तेलकट डोकं टेकून बसलेलं असतं. पण हा डाग नुसता भिंतीवर नव्हता, भिंतीत मुरला होता. रंगाऱ्याने पट्टी लावली तर रंगाचे पोपडे पडलेच नाहीत. लोण्यासारखी मऊ, पिवळी वळकटी सुटून आली. तिच्यात पांढरे केस होते. लांब, गुंतलेले. आणि कोंडा.

रंगारीण तोंडाला पदर लावून मागे सरली. सासू मात्र जवळ जाऊन वाकून बघत म्हणाली, "अगं बाई, एवढं तेल! तू भाजीत घालतेस त्याच्या दसपट तरी असेल."

"आई, तुम्ही आधी बाजूला व्हा. हात लावू नका त्याला."

"मी कशाला लावतेय? मला काय सोस आहे?"

रंगाऱ्याने खरवडलं, धुतलं, चुना मारला, वर लांबी भरली. रात्री हात फिरवून झोपला. सकाळी लांबीचा पापुद्रा सोलून खाली पडला होता आणि डाग जसाच्या तसा वर आला होता. पुन्हा भरली, पुन्हा पडली. शेवटी तो दुकानात आला, बोटं हुंगत. म्हणाला, "काका, तीनदा साबण लावला, तरी वास जात नाही." मी त्याला सांगितलं की तेल प्यायलेल्या भिंतीवर काहीच धरत नाही. गिलावा विटेपर्यंत फोड आणि फेकून दे.

त्याने फोडला. पण फेकला नाही.

आता ह्यात त्याची तरी काय चूक? सगळेच असं करतात. मागच्याच खोलीत कोपऱ्यातली फरशी खचली होती, खाली भराव हवा होता. घरात ढीगभर फुटका गिलावा पडलेला असताना बाहेरून माती विकत कोण आणतं? त्याने तो सगळा गिलावा कोपऱ्यात ठोकून ठोकून भरला, वर वाळू पसरली, सिमेंट टाकलं, नवी कोरी फरशी बसवली. भिंत झाली पांढरीशुभ्र. आणि तो कोपरा वाऱ्यापासून आडोशाचा, म्हणून मायलेकींची गादी त्याने हौसेने तिथेच घातली.

"बघ," तो म्हणाला, "राणीसारखी झोप आता."

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी रंगारिणीने मुलीला दूध पाजायला उचललं, आणि मुलीचं डोकं तिच्या हातातून सटकलं.

जावळ तेलाने चप्प झालं होतं. टाळूवर तर तेलाचं थारोळंच. कुणीतरी भांगही पाडला होता.

मुलीच्या डोक्यावर खपल्या येत होत्या म्हणून डॉक्टरांनी तेल बंद केलं होतं. सासूला ते मुळीच पटलं नव्हतं. टाळू भरल्याशिवाय पोर बाळसं धरत नाही, असं ती येताजाता ऐकवायची. म्हणून रंगारीण थेट स्वयंपाकघरात गेली.

"आई, तेल लावलंत ना तिला?"

"मी? कधी?"

"रात्री. मी झोपल्यावर."

"अगं, लावायचं असतं तर तुझ्यासमोर लावलं असतं, तोंडावर भांडले असते. चोरून लावायला मी काय चोर आहे?"

"मग काय आभाळातून पडलं?"

सासूने मुलीच्या डोक्याला नाक लावलं आणि झटकन मागे घेतलं. "शी! हे तेल आपल्या घरातलं नाही. किती खवट आहे! मेलेल्या उंदरासारखं घाणतंय."

रंगारिणीला ते नाटक वाटलं. तिने मुलीला दोनदा न्हाऊ घातलं. पोर रडून रडून निळी पडली, पण वास काही पुरता गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. उशीवर पिवळा गोल. तिसऱ्या सकाळी पोर किंचाळत उठली. रंगारिणीने दिवा लावला तर जावळात मुंग्या. बारीक, लाल. भिंतीच्या कडेने रांग आली होती, गादीवर चढली होती, उशीवरून थेट मुलीच्या टाळूपर्यंत. मऊ टाळू धडधड उडत होती आणि तिच्यावर मुंग्यांचा गोळा बसला होता. एकेक मुंगी तिने नखाने काढली. काढताना तिला उमासे येत होते. स्वतःच्या पोटच्या पोरीला हात लावायची किळस येतेय ह्याचीच तिला लाज वाटत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

त्या दिवशी ती सासूला नको नको ते बोलली. सासू काही न बोलता पिशवी भरून लेकीकडे निघून गेली. जाताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली, "मी जाते. मी गेल्यावरही तेल दिसलं, तर मात्र माझी माफी मागू नकोस. पोरीला घेऊन बाहेर पड."

दुसऱ्या सकाळी तेल होतं.

रंगारीण नवऱ्याला म्हणाली, "अहो, हे घर सोडू या."

"आणि जायचं कुठे? तूच सांग. जुन्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. हे विकायला काढलं तर कोण घेणार? पुन्हा रुमाल लावून मी उभा राहू का उंबऱ्यात?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "भिंत तर काढली ना मी? भिंतीत काहीच उरलं नाही. झोपेत तूच हात लावत असशील. बाळंतीण बाईला होतं असं."

दुपारी मुलीला कडेवर घेऊन ती समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेली. त्या बाईंचं अर्धं आयुष्य त्या खिडकीत मशीन चालवण्यात गेलं होतं, गल्लीतलं सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलं. रंगारिणीने फक्त एवढंच विचारलं, "मागच्या खोलीत कोण बसायचं?"

बाईंनी मशीन थांबवलं.

"तुम्हाला सांगितलं नाही का कुणी? तेलवाली आजी. त्या रुमालवाल्याची आई."

मग त्या बोलू लागल्या. म्हातारी स्वभावाने वाईट नव्हती. लहान मुलांचा तिला भारी सोस. गल्लीतलं कुठलंही पोर दिसलं की हाक मारायची आणि डोक्याला तेल चोळायची. पोरं पळायची, कारण तिचे हात भयंकर घाण. नखांत मळ, अंगाला वास, आणि तेल तेच ते, वाटीत वर्षानुवर्षं साचलेलं. उजव्या हाताची करंगळी मोडून आत वळलेली. तेल लावताना ती करंगळी कानामागे टोचायची. मुलगा बाहेरगावी. त्याला मूल झालं तेव्हा एकदा बायकोला घेऊन आला. म्हातारीने नातवाला मांडीवर घेतलं, टाळूवर तेल ओतलं, आणि सून किंचाळली. सगळ्या गल्लीने ऐकलं. 'तुमचे ते घाणेरडे हात आधी काढा!' मूल ओढून घेतलं आणि त्याच पावली निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

"आणि म्हातारी?"

"ती काय, रोज संध्याकाळी वाटीत तेल कोमट करायची आणि त्या भिंतीला टेकून बसायची. मी विचारलं, आजी, कुणाची वाट बघता? म्हणायची, सुनेला कुणी शिकवलंच नाही गं, म्हणून ती घाबरली. आली की तिचा हात धरून शिकवीन. एकदा हाताला कळलं की झालं."

बाईंनी पदर नाकाला लावला, जणू तो वास अजून खिडकीत होता.

"गेली तीही तशीच, बसल्या बसल्या. कितीतरी दिवस कुणाला कळलं नाही. मुंग्यांची रांग रस्त्यापर्यंत आली तेव्हा दार फोडलं. तेलाची वाटी मांडीवर उपडी. आणि डोकं भिंतीला..." त्या थांबल्या. "डोकं भिंतीपासून सोडवावं लागलं. त्यावर मग मुलाने ते कपाट आणून ठेवलं."

रंगारीण मुलीला घट्ट धरून घरी आली.

ती रात्र डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारची. बँकेचं रंगकाम निघालं होतं आणि ते रात्रीच करायचं होतं, म्हणून नवरा घरात नव्हता. ती म्हणाली, जाऊ नका. तो म्हणाला, एक रात्र, कडी लाव, दिवा चालू ठेव.

तिने कडी लावली. दिवा चालू ठेवला. मुलीच्या डोक्याला टोपडं घालून बंद हनुवटीखाली घट्ट बांधले. गादी मधल्या खोलीत न्यायची म्हणून ओढायला गेली, पण मुलगी नुकतीच झोपली होती, उठली तर पुन्हा तासभर रडली असती. म्हणून ती तिथेच आडवी झाली. आपला उजवा हात तिने मुलीच्या टाळूवर ठेवला. झाकणासारखा. आता कुणाला लावायचंय ते लावू दे, असं मनाशी म्हणाली. झोपायचं नाही असं ठरवलं होतं.

डोळा लागलाच.

जाग आली तेव्हा दिवा गेला होता. उशाशी मोबाइल चाचपला. पावणेतीन.

वास.

खोली वासाने भरली होती. खवट. गोड. घशात चिकटणारा.

आणि आवाज.

चप्.

चप्.

चप्.

अगदी हळू. टाळू भरताना तळहात थोपटतो, तसा. घाई नाही. सवयीचा हात.

तिला वाटलं, हात उचलावा. मुलीला ओढावं. उठावं. पळावं.

हात उचलेना.

कारण तो आवाज तिच्याच हाताखालून येत होता. टोपडं केव्हाच निघालं होतं. तिचा तळहात मुलीच्या टाळूवर होता. आणि तिच्या हातावर...

दुसरा हात होता.

मऊ. गार नव्हता. कोमट होता. तेच वाईट. कोमट, सुरकुतलेला, तेलाने निथळणारा. त्याची कातडी तिच्या कातडीवर घसरत होती, सालीसारखी सैल. त्याने तिची बोटं नीट जुळवली. अंगठा बाहेर काढला. तळव्याची वाटी केली. मग तिच्या हातानेच मुलीची टाळू थोपटली.

चप्.

थांबला. तिने करून दाखवावं म्हणून थांबला.

तिने केलं नाही.

पुन्हा धरला. पुन्हा थोपटलं. या वेळी जरा जोरात. एक करंगळी तिच्या मनगटाला टोचली. मोडलेली. आत वळलेली.

तिने ओठ घट्ट मिटले. तोंड उघडलं असतं तर तो वास आत गेला असता.

मुलगी...

मुलगी झोपेत हसली. खुदकन. पोटभर सुखात असल्यासारखी.

पुन्हा. जोरात.

मऊ टाळू तिच्या तळव्याखाली दबली. हाताला हाड लागत नव्हतं. नुसती धडधड. आणखी थोडं दाबलं असतं तर... तिला कळलं. हा हात थांबणार नाही. तिला येईपर्यंत थांबणार नाही. रात्रभर शिकवील. रोज शिकवील. आणि रोज थोडं जोरात.

अंधारात कुणीतरी श्वास घेत होतं. तिच्या कानामागे. उत्तराची वाट बघत.

मग तिने एक केलं. ओढाताण सोडली. हात सैल टाकला. डोळे मिटले. त्या तेलात, त्या मळात, त्या सैल कातडीखाली तिने आपलं बोट न बोट राहू दिलं. आणि स्वतःच्या हाताने मुलीची टाळू थोपटली. हलकेच. आई थोपटते तशी.

चप्.

"कळलं," ती म्हणाली.

शांत.

"कळलं मला. आता मीच करीन. तुम्ही... तुम्ही दमलात."

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग वरचा हात उचलला गेला. सावकाश. चिकटलेला कागद सुटतो तसा. शेवटी करंगळी सुटली.

सकाळी रंगारी आला तेव्हा ती अंगणात बसली होती. मांडीवर मुलगी, स्वच्छ न्हाऊ घातलेली. ती फक्त म्हणाली, "भिंतीचा गिलावा कुठे टाकलात?"

त्याला कोपऱ्यातला भराव आठवला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने फरशीकडे बघितलं, घण आणला आणि तो कोपरा फोडायला घेतला. सिमेंटखाली वाळू राहिलीच नव्हती. पिवळा, मऊ, कोमट लगदा झाला होता आणि त्यात मुंग्यांची अंडी भरली होती, शिजलेल्या भातासारखी. रंगाऱ्याच्या नाकातोंडात वास गेला, तो तिथेच भडभडून ओकला. पण थांबला नाही. घमेली भरभरून त्याने सगळं बंदराच्या पलीकडे भरतीच्या पाण्यात नेऊन टाकलं. सासूला लेकीकडून आणलं. रंगारीण तिच्या पायाशी बसली तर म्हातारी म्हणाली, "पुरे झालं. चहा टाक. तेल मात्र घालू नकोस त्यात."

रंगारीण हसली. तिला हसू आलं म्हणून सगळेच हसले.

घर टिकलं. मुलगी टिकली. डोक्यावर पुन्हा कधी तेल दिसलं नाही, उशीवर नाही, फरशीवर नाही. मुलगी आता धावते. डोकं अगदी कोरडं, केस भुरभुरीत.

मामा थांबले. मेणबत्ती बरीच खाली आली होती. बाहेर शटर खडखडलं.

"म्हणजे सगळं ठीक झालं की," भाचा म्हणाला. हसण्याचा प्रयत्न करत होता. "उगीच घाबरवलंत."

"ठीकच झालं," मामा म्हणाले. "फक्त तिचा उजवा हात."

"काय झालं हाताला?"

"कोरडा होत नाही. साबण, राख, लिंबू, रॉकेल, सगळं करून झालं. डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले घाम आहे. ती फडकं गुंडाळून फिरते. स्वयंपाक डाव्या हाताने करते. त्या हाताने मुलीला... कधीच नाही."

सुनेने आपला उजवा हात नकळत पदरात ओढून घेतला.

"मागच्या महिन्यात ती पांढऱ्या रंगाचा डबा न्यायला आली होती. नवरा कामावर होता म्हणून स्वतः आली. हे सगळं तेव्हाच बोलली. बोलताना फडकं सुटलं, डबा उचलताना तोल गेला आणि तिने हात टेकला. काउंटरवर. इथे."

मामांनी काउंटरच्या टोकाला ठेवलेल्या प्रायमरच्या डब्याकडे बोट केलं.

"तो डबा रोज इथेच असतो," भाचा हळूच म्हणाला. "मला वाटलं, विकायचा आहे."

"उचल."

भाच्याने उचलला नाही. मामांनीच उचलला. भाच्याने मोबाइलचा उजेड पाडला.

काचेवर हाताची छाप होती. पिवळी. ओली.

"टर्पेंटाइनने पुसली," मामा म्हणाले. "ब्लेडने खरवडली. काच उलटी करून बसवली."

भाचा बघत राहिला. सुनेने बसल्या जागेवरून विचारलं, "ती रंगारीण... ती बारकीशी आहे म्हणालात ना?"

"बारकीशी. हात एवढासा. बोटं सरळ, नाजूक."

छाप मोठी होती. लांब, रुंद, सांध्यांशी सुजलेली. आणि करंगळी आत वळलेली.

उजेड काचेवरून खाली घसरला, काउंटरच्या लाकडावर, मग जमिनीवर. तिथून एक बारीक लाल रांग वर चढत होती. भाच्याने मघाशी टिचकीने उडवलेली मुंगी एकटी नव्हती.

मामांनी डबा परत होता तिथे ठेवला.

सुनेच्या मांडीवरचं मूल झोपेत खुदकन हसलं.